लंगडा सात

"खाली काय हरवलंय... नट, बोल्ट, की मन?"

शुद्धीवर असलेली मुलगी अनोळखी मुलाला असला प्रश्न विचारत नाही. पण ठिणगीला तो विचारावा लागला, कारण गोटी आणि लंबू या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेतून माघार घेणं तिला ठाऊकच नव्हतं. ठिणगी हे नाव आजोबांनी ठेवलेलं. जन्मली तेव्हा ती इतकी चिडून रडली म्हणे, की आजोबा म्हणाले, "ही थंडीतसुद्धा पहिल्याच किल्लीला सुरू होणार."

ज्याला प्रश्न विचारला त्याचे फक्त बूट दिसत होते. एक फीत सुटलेली. बाकीचा मुलगा एका लाल, बुटक्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारखाली होता. नगरभवनामागच्या मैदानात अशा वीसेक जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. रविवारी त्यांचं प्रदर्शन होतं आणि त्याआधीची ही तपासणी. लाल गाडी ठिणगीची. अगदी कागदोपत्री तिची. आजोबा ती तिच्या नावावर ठेवून गेले होते, आणि गेल्या महिन्यात तिला अठरा पूर्ण झाल्यावर तिने आयुष्यातली पहिली खरीखुरी सही त्या कागदांवर केली होती. आता बोटात किल्ली गरागरा फिरवत ती त्या बुटांपुढे उभी होती आणि मागे लंबू तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

बूट हलले. मुलगा सरपटत बाहेर आला. हातात लांब दांडीचा छोटा आरसा, नाकावर काळं ग्रीस, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर. शाळेत तो शेजारच्या वर्गात नवीन आला होता. त्याची आत्या या प्रदर्शनाची परीक्षक, आणि हा तिच्याबरोबर आरसा घेऊन फिरायचा, म्हणून गोटीने त्याचं नाव पाडलं होतं आरसेवाला.

"हरवलं काही नाहीये," तो अगदी मनापासून म्हणाला. "उलट एक गोष्ट जास्तीची सापडलीय. ह्या गाडीत दुसऱ्याच गाडीचं इंजिन आहे."

लंबूचं हसू थांबलं.

"काय म्हणालास?"

"म्हणजे ब्लॉक. इंजिनाचं मुख्य धूड असतं ना ओतीव लोखंडाचं, ते. बदललेलं आहे. मालक कोण आहे हिचा?"

"मी."

त्याने जीभ चावली. पण उशीर झाला होता. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि वाटेत कुठेही थांबली नव्हती.

"ही गाडी माझ्या आजोबांनी तरुणपणी घेतलीय. माझ्या बाबांनी प्रत्येक स्क्रू हाताने बसवलाय. माझे बाबा कोण आहेत माहितीये? या शहरात जुनी गाडी कोणी खोकली तरी लोक त्यांच्याकडे आणतात. आणि तू नाकाला ग्रीस फासून मला सांगणार, की इंजिन दुसऱ्याचं?"

"नाकाला?" त्याने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. ग्रीस गालापर्यंत गेलं.

तेवढ्यात आत्या आली. ठेंगणी, पांढरे केस, कमरेला हा एवढा टॉर्च. तिने आधी भाच्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"कितीदा सांगितलं तुला? आपल्यात परीक्षक आधी बोलत नाही. मालक आधी बोलतो." मग ती ठिणगीकडे वळली. "हा फॉर्म घे, बाळ. इंजिन मूळचं की बदललेलं, ते तू स्वतःच्या हाताने लिहायचंस. शनिवारी सकाळी दे. तू लिहिलंस की मग मी तोंड उघडणार. बदललेलं असलं तर त्यात लाज नाही, बरं का. दुसरा गट आहे त्यासाठी. लाज फक्त खोटं लिहिण्यात."

"मूळचंच आहे," ठिणगी म्हणाली. "आत्ताच लिहून देते."

"शनिवारी," आत्या म्हणाली, आणि पुढच्या गाडीकडे गेली.

ठिणगीने आरसेवाल्यावर डोळे वटारले. "उद्या शाळा सुटल्यावर ये आमच्या गॅरेजमध्ये. दाखव मला. नाही दाखवता आलं, तर सगळ्या शाळेसमोर माझी माफी मागायची."

"आणि दाखवता आलं तर?"

"येणारच नाही दाखवता."

"तरी पण..." तो पहिल्यांदाच हसला. डाव्या बाजूने सुरू होऊन उजवीकडे पोचायला वेळ लावणारं हसू. "तर मन हरवल्याचं पुन्हा एकदा विचारशील?"

ती पाय आपटत निघून गेली. आणि त्या रागात एक भलताच प्रश्न तिला टोचत होता... डोळे तपकिरी होते, की काळे?

*

दुसऱ्या दिवशी बाबा गॅरेजमध्ये नव्हते. पार्ट आणायला गेले होते. खरं तर या प्रदर्शनाचं नाव काढलं की त्यांना काही ना काही काम निघत होतं. नोंदणीलाच त्यांनी किती आढेवेढे घेतले. "कशाला ते लोकांना दाखवणं? आपली गाडी आपल्याला चांगली आहे ना." ठिणगीला वाटलं होतं, बाबा लाजाळू आहेत.

पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. तिने बॉनेट उघडलं आणि आपल्या नेहमीच्या जागेवर ठाण मांडलं. ही जागा म्हणजे गॅरेजच्या कोपऱ्यातली, गोणपाटात गुंडाळलेली एक जडशीळ बैठक. तिसरीपासूनचा गृहपाठ तिने त्यावर बसून केला होता.

"कर सिद्ध," ती म्हणाली.

त्याने दप्तर ठेवलं, बाह्या दुमडल्या, आणि न विचारता रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश उचलला. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, जिथे हातसुद्धा वाकडा करून घालावा लागतो, तिथली वर्षानुवर्षांची तेल-धुळीची चिक्की त्याने घासायला घेतली. दहा मिनिटं नुसता खर्रखर्र आवाज.

"इथे हात घाल."

"तूच सांग."

"मी सांगितलेलं तुला पटत नाही. हात घाल."

तिने घातला. बोटांना उठावदार खुणा लागल्या. एक अक्षर, मग आकडे.

"ब्लॉक ओततात ना, तेव्हाच साच्यातून तारीख उमटते," तो म्हणाला. त्याचा आवाज आता कानाजवळ होता, कारण आरसा धरायला त्याला वाकावं लागलं होतं. "अक्षर म्हणजे महिना. पहिलं अक्षर जानेवारी, दुसरं फेब्रुवारी. हे नववं अक्षर आहे."

"सप्टेंबर. मग?"

"दारावरची पट्टी वाच. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली?"

तिला वाचायची गरज नव्हती. तो मे महिना होता, त्याच वर्षीचा. लहानपणी ती आजोबांच्या मांडीवर बसून ती पट्टी बोटाने गिरवायची.

"म्हणजे ही चार महिने इंजिनाशिवाय पळत होती," तो हळूच म्हणाला. "उतारावर असेल बहुतेक."

दुसरी कोणी असती तर हसली असती. ठिणगीलाही हसू आलं, आणि आलं म्हणून आणखी राग आला. "कारखान्याची चूक असेल. नंबर बघ की. इंजिनावर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे. हा काय जादूने आला?"

"तेच तर," तो म्हणाला. त्याने खिशातून खडू काढून ब्लॉकच्या वरच्या सपाट पट्टीवर घासला आणि फुंकर मारली. नंबर पांढरा होऊन वर आला. "बाजूच्या पट्टीवर कारखान्याच्या यंत्राच्या बारीक रेघा आहेत बघ, केस विंचरल्यासारख्या. नंबराखाली एकही रेघ नाही. कोणीतरी जुना नंबर घासून काढलाय आणि हाताने हा नवा ठोकलाय. शिवाय ह्यात दोन सात आहेत. पहिला धड आहे, शेवटच्याचा पाय तुटलाय. म्हणजे ठोकता ठोकताच पंच..."

तो बोलत राहिला. ठिणगीला ऐकू येईनासं झालं.

ती त्या शेवटच्या सातकडे बघत होती. इंग्रजी सात, आणि त्याच्या पायाचं टोक तिरकं उडालेलं. लंगडा सात. तो तिच्या ओळखीचा होता. तिच्या दहाव्या वाढदिवसाला बाबांनी पोलादाच्या पट्टीवर तिची जन्मतारीख ठोकून तिला किल्लीला लावायला दिली होती. सतरा, सात. दोन्ही सात लंगडे. "पंच एकदा फरशीवर पडला आणि त्याचं टोक उडालं गं," बाबा म्हणाले होते. आकडा ठोकायच्या त्या पोलादी खिळ्याला गॅरेजमध्ये पंच म्हणतात, आणि सातचा तुटका पंच समोरच्याच खणात होता. लंगडा सात तिचा लाडका होता. वहीवरसुद्धा ती सात तसाच काढायची.

तिने मूठ आवळली. मुठीतली किल्ली तळहाताला टोचली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. जा तू."

"अगं, ब्लॉक बदलणं काही गुन्हा नाही. तडा गेला असेल. खरं तर तडा गेलेला ब्लॉक शिवता येतो. माझी आत्या शिवते."

"लोखंड शिवते?"

"दोराही लोखंडाचाच. तड्यावर एकाला एक लागून भोकं पाडायची, त्यात पिना पिळून बसवायच्या. जाळ नाही, वितळवणं नाही. चिकाटी लागते फक्त." तो थांबला. "तुझ्याकडे ती आहे. माझ्यावर चिडण्यात तरी दिसली."

"जा म्हटलं ना."

तो गेला. छत्री नव्हती त्याच्याकडे. कोपऱ्यावर त्याने एकदा मागे वळून पाहिलं, आणि ठिणगीने शटर इतक्या जोरात ओढलं की शेजारच्या शिंप्याने डोकं बाहेर काढलं.

*

पुढचे दोन दिवस घरात कोणाची धडगत नव्हती. आईने विचारलं, "अगं, झालंय काय तुला?" तर म्हणे काही नाही. बाबांनी विचारलं, "फॉर्म भरलास?" तर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चष्मा पुसायला लागले. ती चिडली होती बाबांवर, कारण ते खोटं बोलले होते. चिडली होती आजोबांवर, कारण ते नव्हते. आणि आरसेवाल्यावर तर काय, सगळ्यात जास्त. तो आला नसता तर ती आज खुशाल 'मूळचं' असं लिहून मोकळी झाली असती. आता तसं लिहिलं तर ती खोटारडी. खरं लिहिलं तर शहरभर बाबांचं नाव खराब, आणि तेही तिच्या अक्षरात.

शुक्रवारी सायकल स्टँडवर तो तिची वाट बघत उभा होता. हातात काही नव्हतं, आरसासुद्धा नाही.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "हरलो म्हणून नव्हे. त्या दिवशी मैदानात तुझ्या मैत्रिणींसमोर बोललो, ते चुकलं."

"आणि दुसरं काय चुकलं?"

"दुसरं?"

ठिणगीने किल्ली त्याच्या नाकासमोर धरली. पोलादाची पट्टी झुलत होती. तिला त्याचा चेहरा बघायचा होता, त्याला धक्का बसताना. पण त्याला धक्का बसलाच नाही. त्याने फक्त नजर खाली केली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"तू पहिल्या दिवशी ती बोटात फिरवत होतीस. मी आडवा होतो, डोळ्यांच्या बरोबर वर."

"म्हणजे गॅरेजमध्ये सगळा वेळ तुला माहीत होतं, की हे माझ्या बाबांनी केलंय. आणि तू मला खडूने शिकवत बसलास. मूग गिळून. आत्याला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"कारण ते तुझं होतं सांगायचं." त्याने सुटलेल्या फितीकडे पाहिलं. त्याची ती फीत कधी बांधलेली असायचीच नाही. "एकदा आधी बोलून बघितलं ना मी. तुझा चेहरा कसा झाला तेही बघितलं. मग ठरवलं, पुन्हा नाही. मालक आधी बोलतो."

"आणि मी खोटं लिहिलं असतं तर?"

"मला नव्हतं वाटत तू लिहिशील. पण लिहिलं असतंस तर... तर मी आरसा आत्याला परत दिला असता. तपासणाऱ्याने तुझ्या बाजूने असून चालत नाही. आणि मी आहे."

स्टँडच्या पत्र्यावरून एक थेंब त्याच्या कानावर पडला. त्याने पुसला नाही. ठिणगीला इतका राग आला होता की ती दातओठ खात होती, आणि त्या रागाच्या तळाशी काहीतरी मऊ, गरम, गाडी नुकती सुरू झाल्यावर बॉनेटवर हात ठेवला की लागतं तसं.

"तुला मला काही सांगायचंय का?" तिने विचारलं.

"खूप."

"मग सांग ना."

"परीक्षक आधी बोलत नाही."

"किती आगाऊ आहेस तू." तिने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. परत पहिल्या खांद्यावर घेतलं. "बरं. मग ऐक. मला तू आवडतोस. आणि मला त्याचा भयंकर राग आलाय. तुझं ते ग्रीस, ती फीत, ते अर्धवट हसू, सगळ्याचा. झालं माझं बोलून. आता तू बोल."

तो बोलला. काय बोलला ते गोटी आणि लंबूला दुसऱ्या दिवशी हात जोडून विचारावं लागलं, तरी ठिणगीने सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की डोळे तपकिरी आहेत.

मग ती खाली वाकली आणि त्याच्या बुटाची फीत बांधली. करकचून.

"अगं, घट्ट होतंय."

"होऊ दे."

*

संध्याकाळी ती जेवायला बसली नाही. तिने आईबाबांना गॅरेजमध्ये बोलावलं, दिवा लावला, बॉनेट उघडलं आणि किल्लीची पट्टी काढून ब्लॉकवरच्या नंबराशेजारी ठेवली. लंगड्या सातशेजारी लंगडा सात.

बाबांनी त्याकडे पाहिलं. मग ते पाना ठेवतात तसे अलगद खाली बसले, जमिनीवरच.

"तू नऊ वर्षांची होतीस," ते म्हणाले. "आजोबा अंथरुणाला खिळलेले. मला म्हणाले होते, थंडी पडायच्या आधी गाडीतलं पाणी काढून ठेव. मी हो म्हटलं आणि विसरलो. एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री पाणी गोठून फुगलं, ब्लॉक फुटला. त्यांना काय सांगू? रोज विचारायचे, गाडी कशी आहे. दुसरा ब्लॉक मिळवला, त्याचा नंबर घासला, आपला ठोकला. शेवटच्या आकड्याच्या आधी पंच निसटून फरशीवर पडला. तसाच तुटका मारला. मी खिडकीखाली इंजिन सुरू केलं, त्यांनी ऐकलं, म्हणाले, छान आहे. आठवड्याने गेले."

"तुला माहीत होतं?" ठिणगीने आईला विचारलं.

आईने मान हलवली. होय.

"दोघांनी मिळून," ठिणगी म्हणाली. आवाज फुटायला लागला होता, तिने तो रागानेच सांधला. "मी त्याला काय काय बोलले. तुमच्यावरून भांडले मी. तुमच्या नावाची शपथ घ्यायची तेवढी बाकी ठेवली होती. आणि जुना ब्लॉक? तो भंगारात दिलात?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "फेकवला नाही."

ते उठले, कोपऱ्यात गेले आणि तिच्या त्या नेहमीच्या बैठकीवरचं गोणपाट त्यांनी सोडलं. आत काळसर लोखंड होतं. कुशीवर आडवा, नखाएवढा रुंद तडा. वरच्या पट्टीवर केस विंचरल्यासारख्या रेघा, आणि त्यांत तोच नंबर, कारखान्याने ठोकलेला. दोन्ही सात धड.

नऊ वर्षं ती त्याच्यावर बसून पाढे पाठ करत होती.

ठिणगीने तड्यावरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डोळे पुसले, आणि मग दप्तरातून फॉर्म काढून दोघांसमोर धरला.

"मी विचारत नाहीये, सांगतेय," ती म्हणाली. "फॉर्मवर मी 'बदललेला ब्लॉक' लिहिलंय आणि खाली माझी सही केलीय. रविवारी हा जुना ब्लॉक गाडीच्या शेजारी ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असा. पाणी काढायला कोण विसरलं, ते मी लिहिणार नाही. ते बाबांचं आहे, त्यांनी सांगायचं, मी शेजारी उभी राहीन. शाळेची परीक्षा संपली की मी परीक्षक आत्यांकडे लोखंड शिवायला शिकणार आहे, आणि हा तडा मीच शिवणार. तिथे त्यांचा भाचाही असेल. तो मला आवडतो. आणि आई, अशी बघू नकोस. हे मी त्याला आधीच सांगून टाकलंय, दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळायच्या आत तुम्हालाही सांगतेय. ह्या घरात यापुढे कोणताच नंबर कोणी घासायचा नाही."